सात महिने रिकामी दिसणारी कुंडी (कळलावी लावलेल्यांनी इकडे या)

ओसरी | १८ जून

नमस्कार. इतकी वर्षं बागेचे धागे नुसते वाचत आले, आज पहिल्यांदा स्वतःचा काढतेय. निमित्त जरा रडकं आहे.

आमचं घर पुण्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात. फेब्रुवारी संपला की टँकर. टँकरच्या पाण्यावर गुलाब जगवायची लाज वाटायला लागली, म्हणून तीन वर्षांपूर्वी ठरवलं की पावसाशिवाय वरून पाणी मागणारं काही लावायचंच नाही. कुंपणाला कोरांटी लावली, मोकळ्या जागेत तेरडा आणि कुर्डू. रुई आपणहून आली, मी फक्त ती उपटली नाही. आता चिमण्या, खारी, फुलपाखरं यांचा इतका राबता असतो की सकाळचा चहा अर्धा तास लांबतो.

गेल्या जूनमध्ये रोपवाटिकेतून कळलावीच्या वेलीचे दोन कंद आणून मोठ्या कुंडीत लावले. पंधरा दिवसांत कोंब, ऑगस्टमध्ये फुलं. ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: फूल खाली तोंड करून लोंबतं, पाकळ्या मात्र उलट वर वळतात. पहिल्या दिवशी हिरवट पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, शेवटी पूर्ण लाल. एकाच वेलीवर तिन्ही अवस्था एका वेळी. आणि पानाचं टोक! पान सरळ येतं, सरळ येतं, आणि शेवटच्या बोटभरात त्याचा दोरा होऊन तो तारेला गुंडाळतो.

ऑक्टोबरमध्ये पानं पिवळी पडायला लागली. मला वाटलं तहान लागलीय. पाणी घातलं. आणखी पिवळी. आणखी घातलं. नोव्हेंबरात वेल वाळून काडी झाली, ती कापली आणि कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात सरकवली. मार्चमध्ये सासूबाईंनी "एवढी चांगली कुंडी मोकळी पडलीये" म्हणून त्यात पुदिना लावला आणि रोज तांब्याभर पाणी घातलं. पुदिना काय फोफावलाय म्हणून सांगू.

आता पाऊस लागून दहा दिवस झाले. मागच्या टेकडीवर कळलावीचे कोंब वीतभर वर आलेत. माझ्या कुंडीत पुदिनाच. काल उकरून पाहिलं तर कंदाच्या जागी तपकिरी लगदा, नुसतं साल हाताला आलं. चूक माझी, की पुदिन्याची?


गोळीबंद | १८ जून

बाकीचं नंतर. तो पुदिना खाल्लात का?


ओसरी | १८ जून

दोनदा चटणी झाली. सगळे ठणठणीत आहोत. का हो?


गोळीबंद | १८ जून

अहो ताई, कळलावीचा कंद म्हणजे कोल्चिसिन, जहाल विष. गाऊटवर (सांधे सुजतात तो आजार) जे औषध देतात तेच, पण तिथे डोस मिलिग्रॅमच्याही अर्ध्यात मोजतात. कंद रताळ्यासारखा दिसतो म्हणून चुकून खाऊन माणसं दगावली आहेत. पुदिन्याच्या पानात विष चढलं असेल असं मी म्हणत नाही. पण मुळासकट उपटलेल्या जुडीत कुजक्या कंदाचा एक तुकडा चिकटून आला तर? ती माती आणि तो पुदिना दोन्ही टाकून द्या. कुंडी साबणाने धुवा.

आणि उकरलंत ते हातमोज्यांशिवाय असेल तर नखंही नीट घासून घ्या.


ओसरी | १८ जून

हात धुऊन आले. पुदिना गेला. सासूबाई सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीयेत, पण ते पुदिना फेकला म्हणून. विषाचं सांगितलं तर म्हणाल्या, "मग असली वस्तू गच्चीत आणलीस कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.


चिंचेखालचा | १९ जून

सासूबाईंचा मुद्दा रास्त आहे, त्यावर पुढे बोलूच. आधी कुजण्याचं.

ताई, तुम्ही वेलीला तहान लागली असं समजलात. तिला झोप आली होती. कळलावीचं वर्षच चार-पाच महिन्यांचं. वळवाच्या नाहीतर मृगाच्या पावसावर उठते, गौरी-गणपतीला फुलते, दसरा-दिवाळीच्या दरम्यान वरचं सगळं वाळवून टाकते. या काळात खाली काय चालतं ते बघण्यासारखं असतं. जूनमध्ये लावलेला कंद तुम्हाला दिवाळीत सापडणारच नाही. तो वेल वाढवण्यात खर्ची पडतो, सुरकुतून साल उरतं, आणि त्याच्या शेजारी नवा कंद तयार होतो. पानं पिवळी पडतात तेव्हा पानांतला माल या नव्या कंदात उतरत असतो. तो माल उतरत असतानाच तुम्ही ओल्या मातीत आणखी पाणी ओतलंत.

नवा कंद बहुधा दोन फांद्यांचा असतो, इंग्रजी व्हीसारखा किंवा काटकोनात वळलेला. संस्कृतात हिला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद हातात घेतला की नाव कुठून आलं ते विचारावं लागत नाही. कोंब येतो तो फांदीच्या टोकाला असलेल्या डोळ्यातूनच. बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. डोळा मोडला तर ती फांदी गेली. म्हणून कंद विकत घेताना टोकं बघून घ्यायची, आणि लावताना उभा खुपसायचा नाही, आडवा ठेवायचा, वर चार बोटं माती.

थोडक्यात नियम: पहिलं पान पिवळं पडलं की पाणी कमी, निम्मी वेल पिवळी झाली की बंद. पुढचा थेंब वळवाचा.


काळी_माती | १९ जून

चिंचेखालचा काकांना +१. माझी भर मातीपुरती.

माझे पहिले दोन हंगाम काळ्या मातीतच गेले. पावसाळ्यातच कंद सडले, दिवाळीची वाट बघायची वेळच आली नाही. डोंगरउतारावर, मुरमात, दगडांच्या फटीत ही वेल मजेत असते कारण तिथे पाणी येतं आणि निघून जातं. आता मी दोन भाग मुरूम आणि भरड वाळू, एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा असं घेते. शेणखत मूठभरच, तेही जुनं. कुंडीचं भोक खापरीने नीट झाकलेलं, पण बुजलेलं नाही. कुंडी रुंद असण्यापेक्षा खोल असावी.

जमत असेल तर कुंडीच नको. कुंपणाला कोरांटीच्या बुंध्याशी लावा. वेलीला चढायला काटेरी आधार मिळतो, कोरांटी दाट असल्यामुळे पोरंटोरं आणि कुत्री तिथे हात-तोंड घालत नाहीत, आणि मुख्य म्हणजे सात महिने "रिकामी जागा" दिसत नाही. कोरांटीवर पॅन्सी जातीची फुलपाखरं अंडी घालतात, तो नफा वेगळा.


उंडगा | २१ जून

मला तर फुकट मिळाली. घाटात रस्तारुंदीचं काम चालू होतं, जेसीबीने काढलेल्या ढिगाऱ्यात तीन कंद पडले होते. पिशवीत टाकले. रोपवाटिकेत पैसे कशाला घालवता? श्रावणात डोंगरात जा, कळलावीच कळलावी.


अनुस्वार | २१ जून

ढिगाऱ्यातले उचललेत ते बरं केलंत. "डोंगरात जा" हे मात्र नको हो. दहा जणांनी हा प्रतिसाद वाचून एकेक कंद उकरला की त्या उतारावरची कळलावी संपली. आधीच औषधासाठी कंद रानातून उपसले जातात. तमिळनाडूत शेतकरी तिची रीतसर लागवड करतात, बी औषध कंपन्यांना जातं. त्या राज्याचं ते राज्यफूल आहे आणि झिंबाब्वेचं राष्ट्रीय फूल. आपण मात्र ती फुकट मिळते म्हणून खणायला निघालोय.


उंडगा | २१ जून

अहो, मी तीन कंद उचलले, डोंगर नाही. एवढं लागायला काय झालं.


चिंचेखालचा | २२ जून

दोघंही थांबा. ढिगाऱ्यातला कंद ट्रकमध्ये जाणारच होता, उंडगा यांनी तो वाचवला. रानात उभी असलेली वेल ही वेगळी गोष्ट. तिथून घ्यायचंच तर बी घ्या, तेही तडकलेल्या एखाद्या बोंडातलं थोडं. केशरी-लाल मणी असतात. रुजायला महिने लागतात, काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत दडी मारून बसतात. पहिलं फूल तीन-चार वर्षांनी. घाई असेल त्याने रोपवाटिका गाठावी, नाहीतर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागून घ्यावा. माझ्याकडे दर दिवाळीला पाच-सहा जादा निघतात.

कास पठारावरची रोपं आणायचा मोह कोणाला होत असेल तर तेही सांगून ठेवतो. जांभा खडकावरच्या बोटभर मातीत वाढणारं रोप कुंडीत आठवडाभर जगलं तरी पुष्कळ. तो पठाराचा भाग २०१२ साली जागतिक वारशात गेला, पण आपल्यासाठी एवढं कारण पुरे की रोप मरतं.


रोपटं | २४ जून

एक प्रश्न. मी ऑनलाइन मागवले, पाकिटावर कळलावीचं लॅटिन नाव, ग्लोरिओसा, हेच होतं. पण गेल्या वर्षी फुलं आली ती टेकडीवरच्यापेक्षा मोठी, पाकळ्या रुंद, गडद लाल आणि पिवळी किनार. ही आपली देशी नाही का?


काळी_माती | २४ जून

रॉथ्सचाइल्डियाना असणार. जात एकच, ग्लोरिओसा सुपर्बा, पण वाण आफ्रिकेकडचा. ही जात आफ्रिकेतही आहे आणि आपल्याकडेही. ठेवा की, वाईट काही नाही. फक्त "मूळची इथली लावली" म्हणून त्याचं बी डोंगरात फेकायला जाऊ नका. आता रानभर माजलेली घाणेरीसुद्धा कोणीतरी शोभेसाठीच आणली होती.


ओसरी | २ ऑगस्ट

धागा वर आणतेय. चिंचेखालचा काकांनी दोन कंद पाठवले, वर्तमानपत्रात एकेक टोक वेगळं गुंडाळून. दंडवत! एक कुंडीत लावला, एक कोरांटीपाशी. कुंडीतला कमरेइतका झालाय, कळ्या धरल्यात.

आणि आज सकाळी खालची सगळी पानं चाळणी. काळ्या अंगावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके असलेल्या अळ्या, मोजल्या तर एकवीस. एका पानाच्या मागे चिकटून सगळ्या एकाच दिशेने खात होत्या. घरी कडुनिंबाचं तेल आहे. फवारू?


सुरवंटवाली | २ ऑगस्ट

थांबा थांबा थांबा. फवारू नका!

हा पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातच ग्लोरिओसा आहे बघा. लिली मॉथ म्हणतात. मोठा पतंग सुरेख असतो, काळसर पंखांवर लाल-पिवळी नक्षी. कळलावीचं जे विष गोळीबंद सांगत होते ते खाऊन ही पोरं गुटगुटीत होतात. अंगावरचे भडक ठिपके म्हणजे पक्ष्यांसाठी पाटी. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये रुई ठेवली म्हणून लिहिलंत ना? रुईची पानं खाणाऱ्या प्लेन टायगर फुलपाखराच्या सुरवंटांवर फवारता का? मग यांनीच काय घोडं मारलंय.


रोपटं | २ ऑगस्ट

ताई, बोलायला सोपं आहे. माझी वेल दोन वर्षांपूर्वी चार दिवसांत काडी केली यांनी. फुलं बघायला लावली होती, अळ्यांना जेवण घालायला नाही.


चिंचेखालचा | ३ ऑगस्ट

दोन्ही बाजू बरोबर, पण महिना कुठला आहे त्यावर उत्तर बदलतं.

सप्टेंबरच्या शेवटी अळ्या आल्या तर मी हातही लावत नाही. फुलं होऊन गेलेली असतात, कंदही भरत आलेला असतो. खाऊ देत. पण जुलै-ऑगस्टमध्ये पानं गेली तर नव्या कंदाला खायला घालणारं कोणी उरत नाही. दिवाळीला करंगळीएवढा कंद निघतो आणि पुढच्या वर्षी नुसती पानं येतात, फूल नाही. म्हणून आता निम्म्या उचला, निम्म्या राहू द्या. फवारा कडुनिंबाचा असला तरी तो पाहुणे बघून वागत नाही.


ओसरी | ३ ऑगस्ट

उचलून ठेवू कुठे? टेकडीवर सोडून येऊ?


सुरवंटवाली | ३ ऑगस्ट

सुदर्शन आहे का बागेत? नाहीतर स्पायडर लिली? यांना तीही पानं चालतात. सुदर्शनचं पान एवढं मांसल की दहा-बारा अळ्यांनी खाल्लं तरी गड्डा हलत नाही. पान कापून अळ्यांसकट अलगद तिकडे ठेवा, चिमट्याने उचलू नका.


ओसरी | ९ ऑगस्ट

सुदर्शन शेजाऱ्यांकडे होता. परवानगी मागताना जो काही संवाद झाला तो इथे लिहीत नाही. बारा तिकडे गेल्या, नऊ इथेच ठेवल्या. नऊंनी खालचा तिसरा हिस्सा फस्त केला आणि तीन दिवसांपूर्वी एकदम नाहीशा झाल्या.

वर पाच फुलं आहेत.


सुरवंटवाली | ९ ऑगस्ट

नाहीशा नाही, मातीत उतरल्या कोषात जायला. कुंडीची माती हलवू नका!


अनुस्वार | १० ऑगस्ट

ओसरी, एक निरीक्षण करून बघा. फुलातला स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वळून बाहेर गेलेला दिसेल, पुंकेसरांपासून लांब. म्हणून आपोआप फळ फार क्वचित धरतं. तमिळनाडूत बियांसाठी लावणारे शेतकरी सकाळी फुलाफुलाला हाताने परागकण लावत फिरतात. फुलपाखरांकडून हे काम कसं होतं तर पंखांनी. पुंकेसर छत्रीच्या काड्यांसारखे चहूकडे पसरलेले असतात, मधासाठी आलेल्या मोठ्या फुलपाखराची पंखांची फडफड त्यांना घासते आणि पराग पंखांवर बसतो. आफ्रिकेतल्या संशोधनात हे तपासलेलं आहे.


ओसरी | १४ ऑगस्ट

आज पाऊण तास उभी राहिले. एक कॉमन मॉर्मन फुलपाखरू आलं, खालून घुसलं, आणि निघालं तेव्हा पंखाच्या कडेला पिवळसर पूड अगदी स्पष्ट दिसली. दुसऱ्या फुलावर न जाता थेट शेजाऱ्यांच्या कढीलिंबावर गेलं. अंडी घालायला गेलं असेल.

फोटो काढला तो हलला.


गोळीबंद | १४ ऑगस्ट

बोंड धरलं तर सांगा, आणि घरात लहान मूल येत-जात असेल तर बोंड तडकायच्या आधी काढा. ते लाल मणी मुलांना गोळ्यांसारखे वाटतात. कंद, पान, बी, सगळं विषारी, बी तर फारच. कोणी काही तोंडात घातलं तर उलटी-जुलाब व्हायची वाट बघायची नाही. लक्षणं काही तासांनी सुरू होतात, तोवर माणूस बरा दिसतो. झाडाचा तुकडा बरोबर घेऊन सरळ रुग्णालय.

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप लावायचे, त्यावरूनच कळलावी हे नाव, हे ऐकून कोणाला काही सुचत असेल तर कृपया सुचू देऊ नका.


उंडगा | १५ ऑगस्ट

आणि घराघरांत कळ लावणाऱ्यांना कळलाव्या म्हणतात ते हिच्यावरूनच का? ओसरीताईंच्या सासूबाई आणि त्यांच्यात हिनेच लावली.


ओसरी | १५ ऑगस्ट

उंडगा, तुम्हाला यंदा एकही कंद मिळणार नाही.


ओसरी | ११ नोव्हेंबर

वेल वाळली. पाणी २ ऑक्टोबरपासून कमी आणि मधल्या आठवड्यापासून पूर्ण बंद. उकरायचा मोह झाला होता, पण कोष आठवले म्हणून नाही उकरली. आता ही कुंडी पुन्हा सात महिने मोकळी दिसणार. पाटी लावू का?


काळी_माती | ११ नोव्हेंबर

पाटी कोणी वाचत नाही. वर गोटे रचा. गोट्यांत पुदिना कोणी लावत नाही.


ओसरी | १२ नोव्हेंबर

गोटे रचले. संध्याकाळी गच्चीत गेले तर गोट्यांमध्ये आइस्क्रीमची काडी खोचलेली, त्यावर सासूबाईंच्या अक्षरात: "विषारी. झोपली आहे."


चिंचेखालचा | १२ नोव्हेंबर

त्यांना माझा नमस्कार सांगा.


ओसरी | ६ मे

मंडळी, काल संध्याकाळी वळवाची सर आली, दहा मिनिटं, पण कुंडी निथळेपर्यंत. अजून महिनाभर ऊन आहे. कंद फसून उठेल का? की सडेल? आत घेऊ?


चिंचेखालचा | ६ मे

दहा मिनिटांनी काही होत नाही. मुरमाची माती आहे, उद्या दुपारपर्यंत वाळेल. टेकडीवरचीलाही ही सर लागलीच की. मोठ्या सरी लागोपाठ यायला लागेपर्यंत आणि कोरांटीपाशी जमिनीत लावलेलीचा कोंब दिसेपर्यंत कुंडी आडवी करून ठेवा. गोटे आधी काढा.


ओसरी | ६ मे

आडवी केली. गोटे काढताना मातीत एक रिकामा तपकिरी कोष मिळाला, वरून उघडलेला. कोरांटीपाशी अजून काही नाही.